भूगर्भशास्त्र की भूरूपशास्त्र?

विचारणा अशी आहे: कुकडी नदीकाठच्या निघोज गावाजवळ खडकात रांजणासारखे खोल खळगे आहेत; या रांजणखळग्यांना कुणी 'भूगर्भशास्त्रीय आश्चर्य' म्हणतं, कुणी 'भूरूपशास्त्रीय'. दोन्ही एकच का?

एकच नाहीत, आणि इथे 'भूरूपशास्त्रीय' हाच शब्द चपखल आहे. खडक कशातून आणि कधी तयार झाला, हे भूगर्भशास्त्र पाहतं. जमिनीला आजचं रूप कसं आलं, हा भूरूपशास्त्राचा प्रश्न. कुकडीच्या पात्रातला काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातले खळगे नदीने फार नंतर कोरले. पुराच्या पाण्याला भोवरा पडतो, खोलगट जागी गोटे अडकतात आणि गरागरा फिरत खडक घासत राहतात. खळगा खोल होत जातो तसं गोट्यांना बाहेर पडणं अवघड होतं, मग ते तळच उकरत बसतात. स्वतःही झिजतात. शेजारशेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत पातळ होऊन फुटते आणि दोघांचा मिळून एक वेडावाकडा रांजण होतो. पाणी ओसरल्यावर काठाशी वाकून पाहिलं, तर काही खळग्यांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून पडलेले दिसतात.

'भूमिरूपविज्ञान', 'भूआकृतिविज्ञान' असंही लिहिलं जातं. त्यांच्या अर्थामध्ये फरक नाही. मला 'भूरूपशास्त्र' जवळचा वाटतो, कारण 'नदीची भूरूपे' हे शब्द शाळेपासून आपल्या ओळखीचे असतात.

खरी काळजी वाटते ती या शास्त्राच्या आतल्या शब्दांची. रांजणखळग्याला 'कुंभगर्त' म्हणण्याची काहीच गरज नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला जे आरपार भोक आहे त्याला 'नेढं' म्हणतात. सुईच्या नेढ्यावरून आलेला हा शब्द असताना 'नैसर्गिक खिडकी' कशाला? कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या, सपाट माथ्याला 'सडा' म्हणतात. त्याला नुसतं 'पठार' म्हटलं की जांभा आणि पातळ माती, दोन्ही नजरेआड होतात.

सह्याद्रीतले 'कडा' आणि 'उतार' हे साधे शब्दही कामाचे आहेत. लाव्ह्याचे टणक थर कडे होऊन उभे राहतात, मधले ठिसूळ थर झिजून उतार होतात, आणि डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. दख्खनच्या या लाव्ह्याच्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात; त्यातला 'ट्रॅप' हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, तो याच रूपामुळे. खडकाच्या त्या नावात भूरूपच आहे. त्यामुळे दोन शास्त्रांची गल्लत होते, हे मी समजू शकतो; पण निघोजबद्दल लिहिताना 'भूगर्भ' हा शब्द बेसाल्टच्या जन्मापुरताच ठेवावा.