कलाविषयक प्रश्नोत्तरे : शनिवारची दुपार आणि चित्रांची नोंदवही

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात राहते. वय ३६. रेखा व रंगकलेची पदविका घेतल्यानंतर लग्न झाले आणि गेली नऊ वर्षे मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर जलरंगात काम करते. मोठा कॅनव्हास लावायला घरात जागा नाही. घरचे विरोध करत नाहीत, पण ‘छंद चांगला आहे’ असे म्हणतात. मुंबईतील सामूहिक प्रदर्शनात भाग घेण्यासाठी एका आयोजकाने मोठी रक्कम मागितली आहे. ती भरावी का? आणि चित्रकार म्हणून उभे राहण्यास आता उशीर झाला आहे का?

उत्तर : आधी जागेविषयी लिहिते, कारण पत्रातली खरी खंत मला तिथे जाणवली. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) या बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात १९७२ पासून शिकवत होत्या आणि त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम शाई व पेन्सिलीने साध्या कागदावर झालेले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१६ मध्ये आपली नवी शाखा उघडली, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत एक त्यांचे होते. तेव्हा कॅनव्हास नाही म्हणून थांबू नका. एकाच मापाच्या कागदावर, एकाच विषयाची वीस-पंचवीस चित्रे सलग करा. निवड करणारी माणसे एखादे देखणे चित्र पाहून थांबत नाहीत, ती त्यामागचा सातत्याने चाललेला विचार शोधतात.

मोहमदी यांनी मात्र बहुतेक चित्रांना ना शीर्षक दिले, ना त्यांवर तारीख घातली, त्यामुळे अभ्यासकांना आज त्यांच्या कामाचा क्रम अंदाजाने लावावा लागतो. म्हणून माझा आग्रह असा, की आजच एक जाड नोंदवही आणा. तीत प्रत्येक चित्राचा क्रमांक, तारीख, सेंटिमीटरमध्ये माप, कागद व माध्यम, किंमत आणि ते कोणाकडे गेले हे लिहा, तोच क्रमांक चित्राच्या मागे पेन्सिलीने घाला आणि चौकट करण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात छायाचित्र काढून ठेवा. हे मी अनुभवाने सांगते आहे. पंचविशीत विकलेले माझे एक निसर्गचित्र काही वर्षांनी मला एका दुकानाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दिसले. खाली माझे नाव नव्हते, कोपऱ्यातली सही कापली गेली होती आणि ते चित्र माझे आहे हे दाखवायला माझ्याकडे एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले तरी, लेखी हस्तांतर केल्याखेरीज, त्याचा कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून व्यक्तिचित्र किंवा अन्य चित्र केले, तर मात्र वेगळा करार नसल्यास तो हक्क चित्र करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून अशी कामे घेताना अटी आधी कागदावर आणा, मग समोरचा नात्यातला असला तरी.

‘छंद’ या शब्दावरून घरात वाद घालू नका, पण तो मान्यही करू नका. शनिवारी शाळा सकाळची असेल, तर दुपारी दोन ते सहा हे तुमचे कामाचे तास आहेत असे सर्वांना स्पष्ट सांगा आणि त्या वेळेत मुलीला तिच्या बाबांकडे किंवा आजीकडे सोपवा. दिवसभर राबल्यानंतर रात्री उरलेल्या शक्तीवर बाईने आपली कला जगवावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते, आणि ती आपण स्वतःकडूनही करू नये.

आयोजकाला रक्कम देण्यापूर्वी एवढेच विचारा, की निवड कोण करते आणि किती जणांची कामे नाकारली गेली. पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला जागा मिळत असेल, तर भरू नका. त्याऐवजी महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन अशा ठिकाणी चित्रे पाठवा, जिथे परीक्षक कामे पाहतात. पहिल्या एक-दोन वेळा नकार येईल, तो मनाला लावून घेऊ नका.

उशिराबद्दल म्हणाल, तर माधवी पारेख यांनी कलेचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेता, पहिल्या अपत्याच्या वेळी दिवस गेलेले असताना, चित्रे काढायला सुरुवात केली. पुढे १९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, नीलिमा शेख, अर्पिता सिंग आणि त्या अशा चौघींनी मिळून देशात ठिकठिकाणी प्रदर्शने केली. तुमच्या महाविद्यालयातल्या ज्या मैत्रिणी अजून हातात कुंचला धरून असतील त्यांना पत्रे लिहा, महिन्यातून एकदा एकमेकींची कामे जमिनीवर मांडून परखडपणे पाहा, आणि पुरेशी चित्रे जमली की साताऱ्यातच एखाद्या वाचनालयाचे सभागृह चार दिवसांसाठी मागा.