माइक बदलण्याआधी अंतर बदला

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. बहुतेकांची तक्रार एकच, आवाज स्वच्छ येत नाही. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी पेन टॅबलेटवर लिहीत अकरावीचं गणित शिकवते. यूएसबी माइक लॅपटॉपशेजारी ठेवते. आवाज मोरीतून बोलल्यासारखा घुमतो. महागाचा माइक घेऊ का? (शिक्षिका, धायरी)

नका घेऊ. तुमचा माइक लांब आहे, एवढंच झालंय. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं, की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. भिंतींवर आपटून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ६० सेंटीमीटरवरून १५ वर आलात, की थेट आवाज १२ डेसिबलने वर जातो. मग गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) तेवढाच खाली घ्या. घुमणं आणि पंख्याची घरघर दोन्ही त्याबरोबर खाली जातात. गेन तसाच ठेवला, तर मात्र आवाज फाटेल.

अंतर एक वीत ठेवा. चार बोटांपेक्षा जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि आवाज बोदा होतो. माइक तोंडासमोर सरळ धरू नका. तळहात ओठांसमोर धरून ‘फणस’, ‘भाकरी’ म्हणा, वाऱ्याचा झोत हाताला लागेल. आता हात हळूहळू गालाकडे सरकवा. झोत जिथे लागेनासा होतो, तिथे माइक बसवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांकडे वळवा. पॉप फिल्टर (वाऱ्याचा झोत अडवणारा पडदा) लावायचा तर माइकपासून चार बोटं दूर लावा, माइकच्या जाळीला चिकटवून नको. टेबलावरच्या स्टँडऐवजी टेबलाच्या कडेला आवळायचा बूम आर्म (माइक धरणारा लांब दांडा) घ्या, म्हणजे पेनची टकटक माइकपर्यंत कमी पोचेल.

बरेच यूएसबी माइक बाजूने ऐकतात, वरच्या टोकाने नाही. बहुतेकांत कंपनीचं नाव असलेली बाजू तोंडाकडे हवी. पॅटर्नचं (माइकने कुठल्या दिशेने ऐकायचं त्याचं) बटण असेल तर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, निवडा.

आता खोली. मध्यभागी उभं राहून एकदाच टाळी वाजवा. मागून झणझण शेपूट ऐकू आली, तर फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेची खिडकी आवाज परत फेकताहेत. कार्डिऑइड माइक तुमच्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याला तुमच्या मागची भिंत सगळ्यात जास्त ऐकू येते. गोधडी तिथेच टांगा, भिंतीपासून वीतभर सोडून. कपड्यांनी भरलेलं कपाट मागे असेल, तर दारं उघडी ठेवून त्याला पाठ करून बसा. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही.

शेवटी लेव्हल. नेहमीच्या जोरात बोलताना रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला लेव्हलचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचावा, जोराच्या शब्दाला उणे ६ पर्यंत जावा. शून्याला टेकला की आवाज फाटला, आणि तो नंतर पूर्ववत होत नाही. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट (आवाजात आपोआप फेरफार करणारी सोय) बंद करा.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्त कंडेन्सर माइक मागवला. सोबतची केबल लॅपटॉपच्या हेडफोन-जॅकला लावली. आवाज कुजबुजल्यासारखा आणि वर सूंऽऽ आवाज. माइक खराब आहे का? (वाचक, नारायण पेठ)

बहुधा नाही. एक्सएलआर (तीन पिनांचा गोल प्लग) जोडणीच्या कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज, लागते. लॅपटॉपचा जॅक जेमतेम दोन-चार व्होल्ट देतो. काही स्वस्त माइक तेवढ्यावर कसेबसे चालतात, पण उपाशीपोटी. मग आपण गेन चढवतो आणि सूंऽऽ वाढतं. ४८ व्होल्टचं बटण असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेली केबल घ्या. केबल पुण्यात तापकीर गल्लीत मिळेल. तीन मीटर पुरे, आणि घेण्याआधी दोन्ही टोकं हलवून पाहा. जोडताना आधी गेन शून्यावर, मग केबल, मग ४८ व्होल्ट. काढताना आधी गेन शून्यावर, मग ४८ व्होल्ट बंद, मग केबल.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज येतो. माइक बदलला, केबल बदलली, तरी तोच. (पॉडकास्ट करणारे दोघे मित्र, हडपसर)

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. हा घूंऽऽ म्हणजे बहुतेक वेळा तीच ५० किंवा तिच्या दुपटीची १०० हर्ट्झची गुणगुण असते. क्रमाने शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. घूं गेला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घूं जाईलही, पण जिवाशी खेळ आहे.

घूं नसून झर्रर असेल तर पंख्याचा रेग्युलेटर पाहा. डिमरसारखे गोल फिरणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापतात आणि तो खडखडाट जवळच्या केबलमध्ये उतरतो. पंखा बंद करून पाहा, लगेच कळेल. माइकची केबल विजेच्या वायरला समांतर नेऊ नका. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. मोबाइल इंटरफेसवर ठेवू नका.

प्रश्न : झूमवर गाणं शिकवते. विद्यार्थ्यांना तानपुरा ऐकूच जात नाही, आणि लांबवलेला सा मध्येच बुडतो. (गायिका, सहकारनगर)

झूमच्या नॉइज सप्रेशनला जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट वाटतो. तानपुरा नेमका तसाच, आणि स्थिर लावलेला सासुद्धा. ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ सुरू करा, त्याखालचा हाय फिडेलिटी पर्यायही निवडा, आणि मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात ते चालू आहे ना, ते पाहा. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी कापणारी सोय) बंद केलंत तर हेडफोन लावणं भागच आहे, नाहीतर विद्यार्थ्याचा आवाज फिरून त्यालाच ऐकू जाईल.

पेटी स्वतः वाजवत गात असाल, तर माइक पेटी आणि तोंड यांच्या मधे, खालून वर तोंडाकडे कललेला ठेवा. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते आणि ती पेटीकडे येते, म्हणून पेटी आपोआप मागे राहते. विद्युत तानपुरा मात्र माइकच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवा. पाठीमागे ठेवलात तर तोही गायब होईल.

प्रश्न : ओबीएस या सॉफ्टवेअरवर लाइव्ह करताना ओठ आणि आवाज जुळत नाहीत. (विद्यार्थी, कोथरूड)

सहसा कॅमेरा मागे पडतो आणि आवाज आधी पोचतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, आवाजानंतर किती फ्रेमनी हात भिडतात ते मोजा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. फ्रेमची संख्या ३३ ने गुणून येणारा आकडा अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमधल्या सिंक ऑफसेटमध्ये (आवाज किती उशिरा सोडायचा त्या रकान्यात) भरा. स्वतःचा आवाज ऐकायला ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, तो उशिरा येतो. विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

प्रश्न : गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव चालतो. तो रेकॉर्डिंगमधून काढता येईल का? (वाचक, शनिवार पेठ)

पूर्ण काढता येणार नाही. ढोलाचा खर्ज भिंत आणि बंद खिडकी दोन्ही ओलांडून येतो, गोधडीलाही तो जुमानत नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं फिल्टर) फक्त तुम्ही गप्प असताना दार लावतं. बोलायला लागलात की ढोल तुमच्याबरोबर आत येतो, आणि प्रत्येक वाक्याला ये-जा करणारा ढोल तर जास्तच खटकतो. हाय-पास फिल्टर (खर्ज गाळणारा) ८० ते १०० हर्ट्झवर लावल्याने धमक कमी होईल, ताशा तसाच राहील. डायनॅमिक माइक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) तोंडापासून चार बोटांवर घेऊन, गेन कमी ठेवून थोडा फायदा मिळेल. सराव बहुधा संध्याकाळी असतो, तेव्हा रेकॉर्डिंग सकाळी उरका.