मायलेज वाढलं की पेट्रोल वाचतं का?

प्रश्न: "जास्त मायलेजच्या गाड्या आणि नव्या गाडीवरची सबसिडी यांनी देशाचं इंधन खरंच वाचतं का?"

मायलेजनं वाचतं, पण कागदावर दिसतं तेवढं नाही. सबसिडीनं फार थोडं, आणि तेही भलतंच महागात.

आधी घरचं सांगतो. आमची जुनी गाडी लिटरला 12 द्यायची. महिन्याला 700 किलोमीटर, म्हणजे 58 लिटर. नवी 20 देते, तेव्हा 35 लिटरांत भागायला हवं होतं. गाडीच्या खणात मी एक वही ठेवतो. पेट्रोल भरलं की आकडा लिहायचा. सहा महिन्यांनी बेरीज मारली तर महिन्याला 45 लिटर! गाडी आता 900 किलोमीटर फिरत होती. सिन्नरला बहिणीकडे पूर्वी एसटीनं जायचो, आता "लागतंय किती पेट्रोल?" म्हणत किल्ली उचलतो. 23 वाचायचे तिथे 13च वाचले. आमचं जरा अतीच झालं म्हणा. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत बचतीचा साधारण 10 ते 30 टक्के भाग असा परत जातो. म्हणजे बरीचशी बचत टिकतेच. 1865 मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्सनं कोळशाबद्दल म्हटलं होतं की इंजिनं सुधारली तर खप उलट वाढेल. खासगी गाड्यांच्या बाबतीत तेवढं टोक गाठलं जात नाही.

आणि हो, ती जुनी गाडी आम्ही विकली. ती आता येवल्यात कुणीतरी चालवतंय. ते पेट्रोल माझ्या वहीत येत नाही, पण जळतंच ना?

अमेरिकेनं 2009 मध्ये नेमकी हीच गळती बंद केली होती. जुनी, जास्त पेट्रोल पिणारी गाडी द्या आणि नव्या गाडीवर 3500 किंवा 4500 डॉलर सूट घ्या, अशी योजना होती. जुनी गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून डीलर इंजिनातलं ऑइल काढून त्याजागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालू ठेवायचे. पहिले 1 अब्ज डॉलर काही दिवसांतच संपले, मग आणखी 2 अब्ज दिले. पावणेसात लाखांच्या वर गाड्या बदलल्या. सरासरी मायलेज, आपल्या मापात, लिटरला 6.7 वरून 10.6 वर गेलं.

ऐकायला छान आहे. पण वर्षाला गाडीमागे 12,000 मैल धरून मी गुणाकार केला, तर वर्षभराची बचत अमेरिकेच्या जेमतेम अर्ध्या दिवसाच्या पेट्रोलाएवढी येते. तीही या गृहीतावर, की योजना नसती तर यातल्या कुणीच गाडी बदलली नसती. प्रत्यक्षात अतीफ मियाँ आणि आमिर सूफी या अर्थतज्ज्ञांना असं आढळलं की जास्तीची जी विक्री झाली ती जवळपास सगळी पुढच्या काही महिन्यांतलीच अलीकडे ओढली गेली होती. एरवीही गाडी घेणारच होते, त्यांनी सरकारी पैशांत आधी घेतली, इतकंच. त्यात नवी गाडी बनवायला लागणारं पोलाद आणि वीज मी धरलेलीच नाही.

मायलेजचा आकडा आणखी एका ठिकाणी फसवतो. 20 वरून 30 म्हणजे मोठी उडी वाटते, पण 100 किलोमीटरला वाचतात पावणेदोन लिटरसुद्धा नाहीत. 7 वरून 10 वर गेलात तर सव्वाचार लिटर. तेव्हा पैसे द्यायचेच असतील तर जे वाहन जास्त पितं आणि जास्त फिरतं, त्याला द्यावेत. आपल्याकडे 2019 च्या फेम-2 मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या योजनेत, इलेक्ट्रिक कारची सबसिडी टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापरापुरतीच होती. घरच्या कारला नव्हती. तेव्हा मीही कुरकुरलो होतो. आता वही बघून वाटतं, दिवसाला दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला ते पैसे मिळाले हेच बरं. मला मिळाले असते तर मी सिन्नरला आणखी दोन चकरा मारल्या असत्या.