जुना बी-२७५ घेताय? आधी कपाशीच्या तासांमधलं (ओळींमधलं) अंतर मोजा

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): जुना महिंद्रा बी-२७५ ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो आहे. कपाशीच्या ओळी ३ फुटांवर असतात. डवरणीला (ओळींमधलं तण काढायला) चालेल का? सकाळी इंजिन लवकर धरत नाही, हा मोठा बिघाड समजायचा का?

उत्तर: डवरणीला चालेल, पण चाकं जशी आहेत तशी बहुधा चालणार नाहीत. जुने ट्रॅक्टर निम्मं आयुष्य ट्रॉली ओढतात, त्यामुळे चाकं आत घेतलेली असतात. मालकाच्या अंदाजावर जाऊ नका. एका मागच्या टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत स्वतः टेप लावा.

३ फूट म्हणजे सुमारे ९० सेंमी. दोन तास (ओळी) ट्रॅक्टरच्या पोटाखाली घ्यायचे तर हे अंतर १८० सेंमीच्या आसपास हवं, म्हणजे ७२ इंच. मागचा टायर १२.४-२८ असेल तर तो साधारण ३१ सेंमी रुंद असतो. या मापावर त्याच्या दोन्ही अंगांना २९-२९ सेंमी जागा सुटते. ५६ इंचांवर आतल्या तासापासून टायर जेमतेम १० सेंमी राहतो. ४८ वर तर त्याची आतली कड थेट पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडावर)! हेच ४८ इंच ४ फुटी लागवडीला मात्र अगदी बरोबर, एक तास पोटाखाली.

रुंदी वाढवायला मागचे रिम आणि डिस्क उलटसुलट करून बसवतात. चाकांची बाजू बदलली तर टायरवरचा बाण पुढच्या दिशेनेच फिरला पाहिजे, नाहीतर काळ्या मातीत पकड जाते. पुढचा ॲक्सल दोन्हीकडे सारखाच सरकवा आणि स्टिअरिंगचे रॉडही त्या मापाने जुळवा. नेमकं तेच राहून जातं आणि पुढचे टायर तिरपे झिजतात. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली की ॲक्सलखाली फांद्या मोडतात. तिथून पुढची डवरणी बैलांनीच.

आता इंजिनाबद्दल. मूळचं हे इंग्लंडच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरचं मॉडेल, महिंद्राने ते आपल्याकडे आणलं. ४ सिलिंडर, ३५ एचपी, ८ पुढचे आणि २ मागचे गिअर. जुन्या बी-२७५ मध्ये डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतं. तो कप्पा गार असला की इंजिन धरत नाही, म्हणून तो तापवायला हीटर प्लग दिलेले असतात. (नंतरच्या २७५ डीआय मधलं ‘डीआय’ म्हणजे थेट इंजेक्शन; दोन्हींचे सुटे भाग एकच समजू नका.) प्लग सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडलेले असतील तर एक जळला की सगळेच गार पडतात. हे काम किरकोळ आहे.

प्लग नीट तापूनही इंजिन धरत नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. इंजिन गरम झाल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जोराने धूर येतो का, एक्झॉस्टचा धूर निळसर आहे का, ते पाहा. दोन्ही दिसलं तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

डिफरन्शियल लॉकही (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा खटका) चालवून बघा. चिखलात उपयोगी आहे, पण वळण्याआधी सोडायचा.

आणि पाहायला जाल तेव्हा न कळवता, सकाळीच जा. सेल्फ मारण्याआधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा घेऊन परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.