अमेरिकेत नॅशव्हिलला गाणी लिहायला येतेस, तर आधी हे वाच

तू विचारलंस: टेलर स्विफ्टच्या ‘फिअरलेस’वर वाढले, इथल्या बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाला प्रवेश मिळतोय, पुण्यातली नोकरी सोडून येऊ का? ये. पण त्या अल्बमची श्रेयनामावली एकदा नीट बघून ये.

तो २००८ मध्ये आला तेव्हा स्विफ्ट १८ वर्षांची होती आणि २०१० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हे सगळ्यांना पाठ असतं. मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. १३ पैकी ७ गाणी तिने एकटीने लिहिली, उरलेली जोडीदार घेऊन, त्यातली ४ गीतकार लिझ रोझबरोबर. हे शहर चालतं ते असंच. सकाळी दहा-अकराला म्युझिक रो या संगीत कंपन्यांच्या भागातल्या एखाद्या खोलीत दोघं-तिघं गिटार घेऊन बसतात, दुपारपर्यंत गाणं तयार, श्रेय बहुतेकदा समान वाटून. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आकड्यांत लिहितात: १, ४, ५. सूर बदलला तरी आकडे तेच. सा कुठेही धरायची सवय असलेल्या तुला हे दोन दिवसांत जमेल.

ब्लूबर्ड कॅफेत सोमवारी ओपन माइक असतो, म्हणजे नवख्यांनाही मंचावर आपलं गाणं गाता येतं. जागा इतकी लहान, की शेजारच्या टेबलावरचा चमचा वाजला तरी ऐकू येतो, आणि कुणी बोललं तर गप्प करतात. तिथे पहिल्या महिन्यातच जा. इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरचे बार मात्र पर्यटकांसाठी. तिथे दुसऱ्यांचीच गाणी गायची आणि कमाई बरीचशी टिपच्या बादलीवर.

शिवाय कमाईचा तो मार्ग तुला बंदच आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेर पैसे घेऊन गाता येत नाही. ‘एकदाच गाते, कोण बघतंय’ असं चुकूनही करू नकोस. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधी लेखी विचार. शिक्षणानंतर ओपीटीचं, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष मिळतं. पुढची दोन वर्षांची वाढ विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना, आपल्याला नाही. स्विफ्टच्या घरच्यांनी तिच्यासाठी पेन्सिल्व्हेनियातून बाडबिस्तरा हलवून जवळच्या हेंडरसनव्हिलला घर केलं, चौदाव्या वर्षी तिला गीतकार म्हणून प्रकाशन करार मिळाला. तिच्यामागे व्हिसाचं घड्याळ नव्हतं. तुझ्यामागे असेल, म्हणून नोकरीत शक्य असेल तर राजीनामा न देता बिनपगारी रजा मागून बघ.

आणि कागद. गाण्याचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. ‘फिअरलेस’ची मूळ ध्वनिमुद्रणं रेकॉर्ड कंपनीकडे होती, ती २०१९ मध्ये कंपनीसकट विकली गेली. तिने २०२१ मध्ये अख्खा अल्बम पुन्हा गायला. गाणी तिचीच लिहिलेली असल्यामुळे तिचा हात वर राहिला. मूळ मुद्रणं तिच्या ताब्यात आली ती २०२५ मध्ये. तेव्हा इथे कुणीही कितीही गोड बोलून कागद पुढे केला, तरी वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही.

बाकी किरकोळ: गाडीवाचून इथे पान हलत नाही, पगारावर राज्याचा कर नाही, पण विक्रीकर पावणेदहा टक्के, वाणसामानावरही थोडा लागतोच. फी किती आणि शिष्यवृत्ती किती ते कळव, मग राहायच्या जागेचं बघू.