तिसरं औषध सुरू करण्याआधी

चौदा महिन्यांचं बाळ, एपिलेप्सीची (मिरगीची) लेव्हेटिरासेटम आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधं चालू, तरी आठवड्यात चार-पाच फिट्स, आणि आता डॉक्टरांनी तिसरं, क्लोबाझाम, लिहून दिलंय. "तिसरं औषध म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?" असं तुम्ही विचारलंत. नाही टेकले. पण खोटा धीरही देत नाही. माझी लेक आता नऊ वर्षांची आहे; पहिल्या दोन वर्षांत आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी पाच औषधं येऊन गेली.

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर एपिलेप्सी औषधांना दाद देत नाही असं म्हणतात. ही व्याख्या २०१० सालची. ग्लासगोच्या २००० सालच्या अभ्यासात, आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्के लोकांच्या फिट्स पहिल्याच औषधावर थांबल्या, दुसऱ्या-तिसऱ्यावर आणखी १४ टक्क्यांच्या, दोन औषधं एकत्र देऊन ३ टक्क्यांच्या. त्यात तान्ही बाळं नव्हती, तेव्हा हे आकडे तुमच्या पोराला चिकटवू नका. पण तिसऱ्या औषधाबरोबर कारणाचा शोधही चालू हवा, एवढं त्यातून कळतं. एमआरआय, जनुकीय तपासणी, कीटो आहार (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय), काही मुलांत ऑपरेशन, यातलं काय राहिलंय ते विचारा. ताप आला की लांबलेल्या फिट्स येत असतील तर ड्रॅव्हे सिंड्रोमचा (जनुकीय एपिलेप्सीचा एक अवघड प्रकार) विचार झालाय का, हेही. त्यात कार्बामाझेपीन आणि लॅमोट्रिजीन या फिट्सच्याच औषधांनी फिट्स वाढू शकतात. आणि दोन वर्षांखालच्या बाळाला इतर औषधांबरोबर व्हॅल्प्रोएट असेल तर लिव्हरचा धोका जास्त असतो. सारख्या उलट्या किंवा एकदम सुस्ती आली तर वाट बघत बसू नका.

"गुण येतो" म्हणजे किती, तेही आधी समजून घ्या. अशा अ‍ॅड-ऑन, म्हणजे आधीच्यांच्या जोडीला दिलेल्या, औषधांच्या चाचण्यांत फिट्स निम्म्याने कमी झाल्या तरी बहुतेक वेळा यश धरतात. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही शून्याची वाट बघत होतो, आणि आठवड्याला दहाच्या चार झाल्या तरी घरात सुतक.

आता माझी चूक. क्लोबाझाम सुरू केलं आणि लेक दिवसभर झोपायला लागली, लाळ गळायला लागली. दोन्ही त्या औषधाने होतं. मी आपल्या मनाने संध्याकाळचं व्हॅल्प्रोएट तीन दिवस गाळलं. चौथ्या दिवशी सकाळी एकामागून एक सहा फिट्स. नवीन औषध उलटलं की जुनं बंद केल्याचा फटका, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. त्यांनी एवढंच विचारलं, "बदला क्या-क्या था?" आणि मला तारखाही आठवेनात. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल ठिपका म्हणजे फिट, निळी रेघ म्हणजे डोस बदलला. एका वेळी एकच बदल, तोही डॉक्टरांनी सांगितला तरच. बदल होईल त्या दिवशी विचारून ठेवा: हे चाललं तर आधीच्यातलं कोणतं कमी करणार, आणि किती आठवड्यांनी? नाहीतर औषधं नुसती साठत जातात.

सिरप चमच्याने देऊ नका, सुई नसलेल्या सिरिंजने द्या. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचा. आमच्याकडे एकदा बाटली बदलली आणि आठवडाभर कमीच डोस गेला. पुढे टोपिरामेट हे औषध लिहून दिलं तर लक्षात ठेवा, त्याने घाम कमी येतो, अंग तापतं, आणि इंदूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगायचा.

फिट पाच मिनिटांवर गेली तर ती थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरात आहे का? नसेल तर पुढच्या भेटीत तो पहिला विषय काढा, आणि निघण्याआधी बाळाचं वजन करून जा. माझ्या लेकीचं तीन महिन्यांत किलोभर वाढलं होतं आणि डोस जुन्याच वजनाचा चालला होता.