हायटस हर्निया आहे म्हणून आयुष्यभर ॲसिडिटीच्या गोळ्या घ्याव्या लागतील का?

प्रत्येकाला लागत नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिकेसाठी एक छिद्र असतं. ते सैल झालं की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो (हाच हायटस हर्निया), अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप कमजोर पडते आणि आम्ल वर येतं. गोळी आम्ल कमी करते, हर्निया जागेवर आणत नाही. म्हणून ती बंद केल्यावर काहींना त्रास परत होतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची असते. पुष्कळ जण ती जेवणानंतर घेतात आणि ‘गुण येत नाही’ म्हणतात, ही चूक फार खटकते! साधारण ८ आठवड्यांनंतर डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या ३ तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटिमीटर उंच (नुसत्या उशा रचून नव्हे, त्याने पोट दुमडतं), झोपताना डावी कूस. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा फायदा मोठा. एवढं करूनही भागलं नाही, तर दुर्बिणीतून फंडोप्लिकेशनची (जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून झडप घट्ट करण्याची) शस्त्रक्रिया करता येते.

घास अडकणं, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा कारणाशिवाय वजन घटणं दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा.